पिशवीच्या तळाची पट्टी

आमच्या घरात सासूसुनेची जेवढी भांडणं होतात त्यातली निम्मी पिशवीच्या तळावरून होतात, हे बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कापडी पिशव्या आम्ही दोघीही शिवतो. मी शिवते त्या ऑर्डरीच्या, हिमरूचे नाहीतर खणाचे तुकडे लावलेल्या, लग्नात पाहुण्यांना द्यायच्या किंवा ऑफिसात मिरवायच्या. सासूबाई शिवतात त्या बाजाराच्या. पण दोघींचं दुखणं एकच. नुसतं कापड दुहेरी करून शिवलेली पिशवी ओट्यावर ठेवली की ती फतकल मारून बसते, आणि आतला डबा एका अंगाला कलंडतो. तिला उभी करायची तर आतून काहीतरी घालावं लागतं. ते काय घालायचं, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

मी गुलमंडीच्या बाजारातून कडकपणासाठी बक्रम आणते, कॅनव्हास आणते, बाजूंसाठी पातळ फोम आणते. माझ्या बक्रमला एका अंगानं डिंक असतो. ती बाजू कापडावर ठेवायची आणि वरून गरम इस्त्री दाबून धरायची. दाबायची, फिरवायची नाही. फिरवली की बुडबुडे आलेच. तळाचा कॅनव्हास शिवणीपासून जरा आत ठेवायचा, नाहीतर कोपऱ्यात जाडी साचते आणि मशीनची सुई कटकन तुटते. हे सगळं मी बऱ्याच सुया तोडून शिकले आहे, त्यामुळे त्यात कुणी नाक खुपसलं की माझं डोकं फिरतं.

सासूबाईंना हे सगळे नखरे वाटतात. "ओली मेथी टाकली का तुझ्या बक्रमचं पोतेरं झालं," असं त्या म्हणतात. आणि त्यांचा उपाय काय, तर एक्स-रे. लोक ज्याला नुसतं फोटो म्हणतात ते, काळे, मोठे. मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत कुणाचा गुडघा, कुणाचा मणका, कुणाचा गाडीवरून पडून मोडलेला हात, सगळं शेवटी आमच्याकडे येतं. हाड जुळून आलं की त्या फोटोचा उपयोग काही नसतो, पण टाकवतही नाही. सासूबाई मागायला गेल्या की लोक सुटल्यासारखे देऊन टाकतात. त्या तो कोमट पाण्यात भिजवून पुसतात, पिशवीच्या मापाच्या लांब पट्ट्या कापतात, कापड टोचून फाटू नये म्हणून कोपरे गोल करतात, आणि मांजरपाटाच्या दोन पदरांत घालून पट्टीच्या कडेतूनच चारी बाजूंनी टीप मारतात. तळ पाण्याला भीत नाही. वाकवला तरी सरळ होतो. चांगला असतो, हे मी दातओठ खात कबूल करते.

पण एकदा माझ्या एका गिऱ्हाईक बाईंच्या पिशवीचं अस्तर आतून फाटलं आणि खाली कुणाच्या तरी बरगड्या दिसायला लागल्या. बाई शाळेत शिकवणाऱ्या. स्टाफरूममध्ये डबा काढताना त्या बरगड्या दिसल्या म्हणे. पिशवी परत आली, आणि कॅनव्हास संपला म्हणून मला न विचारता तो तळ कुणी घातला हे मला विचारावंच लागलं नाही. त्या दिवशी मी सासूबाईंना बरंच बोलले. "माणसांची हाडं घालून मी पिशव्या विकणार नाही," असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग माणूस कशावर उभा ऱ्हातो?" तेव्हापासून माझ्या ऑर्डरीत एक्स-रे बंद. त्यांच्या बाजाराच्या पिशव्यांत चालू.

या वर्षी थंडीत सासूबाईंना खोकला झाला आणि तो जाईना. काढा झाला, वाफ झाली, मेडिकलवाल्याच्या गोळ्या झाल्या. नवरा नोकरीला पुण्याला असतो, शनिवारी येतो, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्याच गळ्यात पडतात. मी त्यांना क्रांती चौकापलीकडच्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी फोटो काढायला लावला. मग मशीनमध्ये झोपवून तपासणी केली. मग आम्हाला आत बोलावलं, आणि नेहमीपेक्षा हळू बोलायला लागले.

उजव्या बाजूला, वरती, गळ्याजवळच्या हाडाच्या जरा खाली एक ठिपका होता. डॉक्टरांनी पेनानं दाखवला. तो मटकीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा होता. "हा जुना व्रण असू शकतो," ते म्हणाले. "किंवा नवीन असू शकतो. आत्ता एकट्या या फोटोवरून मला सांगता येणार नाही. छातीचा आधी कधी फोटो काढला होता का? त्यात हा ठिपका असेल आणि एवढाच असेल, तर काळजी करू नका. नसेल, तर सुई घालून तुकडा काढून तपासावा लागेल."

"नाय," सासूबाई म्हणाल्या. "आधी काई फोटो काढला नाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. काही वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा एका दवाखान्यात त्यांच्या छातीचा भलामोठा फोटो काढला होता. तो काखेत धरून रिक्षात मीच बसले होते. तो दवाखाना आता बंद झालाय, त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. फोटो मात्र घरी आला होता. मी बोलायला तोंड उघडलं तर टेबलाखाली त्यांनी माझं मनगट धरलं. आजारी बाईच्या हाताला इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

येताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. मी विचारलं, "आई, तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कुठं. फोटो हाय कुठं आता?"

"कुठंय?"

"कापला."

रिक्षावाल्यासमोर मी काही बोलले नाही. घरी आल्यावर बोलले. इतके दिवस लोकांची हाडं गोळा करत होता तेव्हा स्वतःची तरी बाजूला ठेवायची होती, असं काहीसं बोलले. त्या गॅसवर चहाची तयारी करत राहिल्या. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर तो राग नव्हता. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला दुसरं काही येत नाही, फक्त ओरडता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवळात गेल्या आणि मी ब्लेड घेऊन बसले. त्यांनी शिवलेल्या घरातल्या सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या. दळणाची, भाजीची, दुधाची, कुकरचं सामान ठेवलेली, आणि दारामागे लटकणारी, जिच्यात आम्ही बाकीच्या पिशव्या कोंबतो ती. एकेकीचा तळ उसवायला घेतला. त्यांची टीप बारीक आणि पक्की असते, सहज निघत नाही. ब्लेडनं एकेक टाका तोडावा लागत होता. पट्टी निघाली की खिडकीशी उजेडात धरायची. गुडघा. पुन्हा गुडघा. कुणाचे दात. कुणाच्या कमरेची हाडं. एका पट्टीत लहान मुलाचा हात होता, बोटं पसरलेली.

कुणाचं काय हे ओळखायला नाव कुठेच नव्हतं, कारण नाव कोपऱ्यात छापलेलं असतं आणि कोपरे त्या गोल कापतात. पण मला एक खूण माहीत होती. लहानपणी सासूबाई बैलगाडीवरून पडल्या होत्या. गळ्याकडून उजव्या खांद्याकडे जाणारं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. पदर सरकला की तिथं गाठ दिसते. फोटोतही ते दिसणारच. आणि ठिपका त्याच हाडाखाली, म्हणजे ज्या पट्टीत वाकडं हाड, त्याच पट्टीत उत्तर. दोन तास मी उसवत होते. वाकडं हाड काही मिळालं नाही. ओट्यावर तळ काढलेल्या पिशव्यांचा ढीग झाला होता, सगळ्या लुळ्या पडलेल्या. त्या बघून मला रडू फुटलं.

मग मला समोरच्या खाला आठवल्या. सासूबाईंची आणि त्यांची मैत्री माझ्या लग्नाआधीची आहे. सासूबाईंनी शिवलेली सगळ्यात मोठी पिशवी खालांकडे आहे. खाला आठवड्याचा बाजार तिच्यातच आणतात, आणि "तुम्हारी सास की थैली में खरबूजा भी सीधा बैठता," असं सगळ्यांना सांगतात. मी तशीच चप्पल घालून समोर गेले. खालांनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता आत घेतलं. मी पिशवी मागितली. त्यांनी खुंटीवरून काढून दिली. हातात घेतल्याबरोबर कळलं. तिचा तळ लोंबत होता.

"बेटा, तुम्हारी सास कल शाम कू आके पट्टी ले गये ना," खाला म्हणाल्या. "मेरेकू बोले, तळ ढिला झालाय, नीट करून देते. इथंच बसले, याच पलंगावर. खुद उसवले." त्यांनी लोंबता तळ बोटानं दाखवला. "टाके सारखे चुकत होते. मी म्हटलं मी उसवते, तर नाय म्हणाले. क्या हुआ बेटा? तबीयत?"

मी काहीतरी सांगितलं, काय सांगितलं ते आठवत नाही. अंगण ओलांडताना हिशोब लागला. म्हणजे काल चहा झाल्यावर, मी आत फोनवर नवऱ्याशी बोलत होते तेव्हा, त्या गुपचूप जाऊन पट्टी घेऊन आल्या होत्या. आणि आज मी घरातल्या सगळ्या पिशव्या फाडत बसणार हे माहीत असून देवळात निघून गेल्या होत्या.

त्या परत आल्या तेव्हा मी त्यांच्या मशीनपाशी बसले होते. ओट्यावरचा ढीग त्यांनी बघितला. प्रसाद माझ्या हातावर ठेवला, आणि पाट सरकवून समोर बसल्या.

"आई, पट्टी कुठंय?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. मशीनचा ड्रॉवर उघडला. रिळांच्या खाली ब्लाऊजपीसच्या घडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी मांडीवर घेतलं, पण सोडलं नाही.

"बघितलं का तुम्ही?"

"नाय."

"रात्रभर इथं होतं आणि बघितलं नाही?"

"बघवंना," त्या म्हणाल्या. "खालाच्या घरी उसवली तवा डोळे मिटून घडी घातली. त्यात ठिपका नसला म्हंजी? म्हंजी नवा हाय. मंग कळलंच की सगळं." मग म्हणाल्या, "सुईला मी भीत नाय गं. उभा जन्म सुईच चालवली. पर हे नगं कळाया."

मी इतकी वर्षं या बाईशी भांडले, पण घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. खिडकी माझ्या पाठीशी होती, ऊन आत आलेलं होतं. हात पुढे करून पट्टी घेतली असती आणि उजेडात धरली असती तर निदान तो ठिपका आहे की नाही एवढं मला कळलं असतं. त्यांनी दिलीही असती. पण माझा हात पुढे गेला नाही. त्यांना म्हणाले, "डॉक्टरच बघतील. आपण दोघीही नको बघायला." हे मी शहाणपणानं म्हटलं नाही. मलाही बघवणार नव्हतं.

संध्याकाळी आम्ही गेलो. घडी त्यांच्या मांडीवर. रिक्षा चौकात सिग्नलला थांबली आणि समोरून ऊन सरळ आत आलं, तेव्हा त्यांनी पदर घडीवर ओढून घेतला. दवाखान्यात गर्दी होती. नंबर पुकारणाऱ्या बाईकडे मी दर वेळी अशी बघत होते की ती शेवटी माझ्याकडे बघेनाशी झाली. सासूबाई शेजारच्या बाईच्या पर्सकडे बघत होत्या. मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाल्या, "तळाला पुठ्ठा हाय. पावसाळ्यात जाईल." मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही.

आत गेल्यावर त्यांनी घडी उघडली नाही, तशीच टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी उघडली. गोल कोपऱ्यांची, कडेनं भोकं पडलेली पट्टी बघून त्यांनी मान वर केली.

"हे काय आहे?"

"माझा फोटो," सासूबाई म्हणाल्या. "वरचा भाग."

"बाकीचा?"

"दुसऱ्या पिशव्यांत."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "यावर नावही नाही, तारीखही नाही. हा तुमचाच आहे हे मी कसं धरू? दुसऱ्या कुणाचा असला आणि मी त्यावरून ठरवलं, तर फार मोठी चूक होईल."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सासूबाईंनी मात्र खांद्यावरचा पदर बाजूला केला आणि बोट ठेवलं. "हे हाड बघा. गाडीवरून पडले व्हते. असं वाकडं दुसऱ्या कुणाचं नसंल."

डॉक्टरांनी भिंतीवरचा दिवा लावला. नवा फोटो अडकवला, त्याच्याशेजारी पट्टी. पट्टीच्या कडेनं टाक्यांची भोकं रांगेनं चमकायला लागली. त्यांनी आधी हाड बघितलं, इकडे आणि तिकडे, आणि मान हलवली. मग चष्मा काढला आणि पट्टीच्या अगदी जवळ गेले. सासूबाईंनी डोळे मिटले होते. मी मिटले नव्हते, पण मला काही दिसत नव्हतं, नुसतं काळं-पांढरं. बाहेर कुणाचं तरी मूल किंचाळत होतं. डॉक्टरांनी छोटी फूटपट्टी घेतली, पट्टीवर धरली, नव्या फोटोवर धरली, परत पट्टीवर धरली. मला वाटलं हा माणूस कधी बोलणारच नाही.

"आहे," ते म्हणाले. "हा बघा. तेव्हाही होता. एवढाच."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे जुना व्रण. इतक्या वर्षांत वाढलेला नाही. सुई नको. खोकल्याचं कारण वेगळं आहे, त्याला औषध देतो."

सासूबाईंनी डोळे उघडले. पट्टीकडे बघितलं, पहिल्यांदाच. मी टेबलाखाली त्यांचा हात धरला, आणि या वेळी त्यांनी ढिला सोडला.

डॉक्टरांनी पट्टी काढून ब्लाऊजपीसवर ठेवली. "ही नीट सांभाळा. पुढच्या वर्षी परत फोटो काढू आणि शेजारी लावून बघू."

"पुढल्या वर्षी?"

"हो."

"आन त्याच्या पुढल्या?"

"त्याच्याही," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी घडी घातली आणि पदराखाली घेतली. रिक्षात बसल्यावर तोंडाला पदर लावून त्या रडल्या. मीही रडले. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि गाण्याचा आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालांच्या पिशवीला एका गुडघ्याचा तळ घातला आणि नेऊन दिली. मी घरातल्या लुळ्या पिशव्या एकेक करून पुन्हा शिवल्या. मग एक नवी कापली. ऑर्डरीतून उरलेला हिमरूचा तुकडा दर्शनी भागाला, बाजूंना बक्रम, आत फोम. तळाला मांजरपाटाची लांब खोळ शिवली, तिच्या तीन बाजू बंद केल्या, एक मोकळी ठेवली, आणि सासूबाईंच्या पुढे नेऊन ठेवली.

त्यांनी आत हात घालून चाचपलं. "ही बाजू शिवायची ऱ्हायली."

"राहिली नाही. ठेवली."

त्यांनी मोकळ्या बाजूवरून बोट फिरवलं. मग ड्रॉवरमधून पट्टी आणली, खोळीत सरकवली, बाहेर काढली, पुन्हा सरकवली. पिशवी ओट्यावर ठेवली. उभी राहिली. त्यांनी वरून तळहातानं दाबून बघितली, नेहमी दाबतात तशी, माझ्या कामात खोट शोधायला. मग पिशवी उलटी करून माझ्या हातात दिली.

"खोळीच्या तोंडाला दुहेरी टीप मार," त्या म्हणाल्या. "लई वर्सं काढघाल व्हणार हाय."

मी दुहेरी टीप मारली.